आबांनी उचललेला भंडारा

तानू, बिरादादानं आणि मी वाडी सोडली त्या सकाळी आईनं आम्हा दोघांच्या खांद्यांवर एकेक घोंगडी टाकली, ते तुला आठवत असेल. दोन्ही एकाच लोकरीच्या. तिनंच कातलेल्या, सणगराकडून एकाच वेळी विणून आणलेल्या. कुठली माझी नि कुठली दादाची हे आम्हालाही सांगता आलं नसतं. तू तेव्हा आठ-नऊ वर्षांची, परकराच्या ओच्यात कोकरू घेऊन उभी होतीस. आबा वाटेपर्यंत आलेच नाहीत. मेंढवाड्यात एका मेंढीचा खूर बघत बसले. दादा त्यांच्या पाया पडून पुढं झाला. मी मागं राहिलो तेव्हा ओढ्यापाशी आईनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "तितं कुणाला मल्लूचं सांगू नगंस. कुणी इच्यारलं तरी न्हाय म्हण." नीट रहा, वेळेवर खा, असलं काही ती बोलली नाही. एवढंच बोलली.

हे पत्र तुला मास्तर वाचून दाखवतील. मास्तर, नमस्कार. आवाज खाली करू नका. दाराशी कुणी येऊन बसलं तर बसू द्या. तानूच्या मालकाला मागल्या जत्रेत भेटून मी सगळं विचारलंय. तो म्हणाला, लिवा. त्यांची पोरं अजून रांगतायत, त्यांची लग्नं निघेपर्यंत लोकांना या गोष्टीची सवय झालेली असेल. आणि आपल्या वाडीतली जी माणसं इथं सोलापुरात मिलला लागली आहेत, त्यांनाही मी हेच सांगत सुटलोय. काही जण मला बघून वाट बदलतात. बदलू देत.

मल्लूतात्या म्हणजे आबांचा धाकटा भाऊ. तुला तो धड आठवणार नाही, आणि आपल्या घरात त्याचं नाव काढायची बंदी, मग आठवणार कसा. तो हवेशी बोलायचा. चालता चालता थांबायचा, कुणीतरी काही विचारल्यासारखा कान द्यायचा आणि मग उत्तर द्यायचा. पण मेंढरं त्याच्या मागं जायची. आठ महिने तो कळपाबरोबर बाहेर असे, आबांच्या नाहीतर दादाच्या सोबतीनं. दोन वेळा हातात भाकरी, झोपायला उघडं रान. रानात त्याला कुणी वेडा म्हटलं नाही, कारण म्हणायला तिथं कुणी नव्हतंच. आबा एवढंच म्हणायचे, "मल्लू बोलतोय, बोलू द्या. काम करतोय न्हवं."

मग माझी सोयरीक निघाली. गोदाच्या माहेरची माणसं बघायला यायची होती. आपल्यातली बैठक कशी असते ते तुला सांगायला नको, पण इथल्या चाळीतली पोरंही हे ऐकणार आहेत, म्हणून लिहितो. पंच विचारतात, घरात महारोग हाय का, कोड हाय का, येड हाय का. मधे ताटलीत बिरोबाचा भंडारा असतो. म्हणजे हळदच, पण ती मुठीत उचलून माणूस जे बोलला ते देवाला साक्षी ठेवून बोलला. त्यावर मग कुणी पुढं विचारत नाही.

बैठकीच्या आदल्या दिवशी आबांनी तात्याला कडब्याच्या खोलीत बांधायला सांगितलं. एडक्याला बांधतात त्या दोरानं. दादानं हात धरले, मी पाय धरले. तात्या झटापट करत नव्हता, हे मला अजून सलतं. तो नुसता आम्हा दोघांकडं आळीपाळीनं बघत होता. दुसऱ्या दिवशी बैठक बसली आणि आतून त्याची हाळी सुरू झाली, मेंढरं पाण्यावर न्यायची हाळी. गोदाच्या बापानं मान वर केली. आबा म्हणाले, "गडी हाय." मग मूठभर भंडारा उचलला आणि म्हणाले, "आमच्या रगतात येड न्हाय."

पाहुणे गेल्यावर दोर सोडला, पण तात्या त्या खोलीतून बाहेर आला नाही. दोर नव्हता, दारही उघडं होतं. कळप दारावरून जायचा तरी तो उठायचा नाही. भाकरी ठेवली तशी राहायची. माझ्या हळदीच्या आधीच तो गेला. आबांनी त्यानंतर कधी कपाळाला भंडारा लावला नाही, आणि आपल्याकडं कुणी त्यांना का म्हणून विचारलंही नाही.

पुढं पाऊस दडी मारून बसला, कळप निम्म्यावर आला, आणि आम्ही दोघं सोलापूरला निघालो. लोकांना आम्ही सांगितलं की पोटासाठी चाललो. ते खरंच होतं. पण मला दुसरंही कारण होतं. दादाचं लग्न लहानपणीच झालेलं, माझंही झालं होतं, पण वाडीत आमच्या घराला मागून 'येड्याचं घर' म्हणत. शहरात कुणाला आपला चुलता माहीत असणार? मला तो मोकळेपणा हवा होता. खरं सांगतो, सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात पहिल्यांदा उभा राहिलो आणि कुणी माझ्याकडं वळून बघितलं नाही, तेव्हा मला अंघोळ केल्यासारखं वाटलं.

मला शहर मानवलं. चार यत्ता झाल्या होत्या, त्यामुळं आधी गैरहजर माणसाच्या जागी बदलीवर, मग वर्षाभरानं हजेरीची तिकिटं लिहिणाऱ्या कारकुनाच्या हाताखाली लागलो. टेबल, टाक, दौत. गोदा आली, हिरा झाली. दादा माग खात्यात. तिथं दोन माणसं समोरासमोर उभी राहून बोलली तरी ऐकू येत नाही, ओठ बघून समजून घ्यायचं. आठवड्याला पाळी बदलायची. ज्या माणसानं उभ्या जन्मात छपराखाली पाठ टेकली नाही, तो दिवसा बंद खोलीत झोप यावी म्हणून डोळ्यांवर फडकं बांधून पडायचा. झोप यायची नाही. मग भोंगा व्हायचा आणि तो उठून जायचा. मी म्हणायचो, "सवय हुईल दादा." तो हसायचा. वहिनी बाळंतपणात वाडीतच गेली, बाळही गेलं. निरोप आम्हाला तिसऱ्या दिवशी मिळाला. दादा त्या दिवशीही पाळीवर गेला. मी जाऊ दिला, कारण जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, म्हणाला होता की खाडा झाला तर जागा जाईल.

त्यानंतर काही महिन्यांनी तो मला म्हणाला, "धोंडी, माग मला नावानं हाक मारतुया. मल्लूतात्याच्या आवाजात."

मी काय केलं सांगू? मी त्याला म्हणालो, गप बस, गोदा ऐकंल. तुझ्या भावाचं पहिलं औषध ते.

जॉबरला सांगितलं, ताप आहे. शेजारच्या तेलुगू अव्वाला सांगितलं, ताप आहे. ती बिचारी ताक-भात घेऊन यायची आणि दादा तिच्यासमोर ताटली लांब सरकवायचा, त्यात काहीतरी घातलंय म्हणून. त्या उन्हाळ्यात शहरात मार्शल लॉ लागला. दारं लावून बसायचे दिवस. एका खोलीत मी, गोदा, सहा वर्षांची हिरा आणि दादा. तो भिंतीला कान लावून उभा राहायचा, पाय सुजेपर्यंत. हिरा त्याच्या पायांशी बसून चिंध्यांची बाहुली खेळायची, तिला त्याची भीती वाटायची नाही. मला वाटायची. त्याची नाही, दाराबाहेर कुणी ऐकेल याची.

वाटा खुल्या झाल्यावर आबा आले. देवाचा अंगारा लावला, भंडारा मात्र हातात घेतला नाही. जाताना जिन्यापाशी मला म्हणाले, "ही माज्या मुठीची करणी हाय. खोटं उचाललं, ते पोरावर आलं. दवाखान्यात न्हेऊ नगंस, उगा वाच्यता हुईल." त्यांचं बघ कसं झालं होतं. आजार म्हणावा तर शपथ खोटी ठरते, आणि शपथ खोटी ठरली तर गोदाच्या माणसांना लग्न मोडायची मुभा. म्हणून तो आजार नाहीच, तो देवाचा कोप. देवाच्या कोपाला डॉक्टर कशाला? असे दोन महिने घालवले आम्ही. आबांना दोष देऊन मी सुटत नाही; शहाणा, शिकलेला, तिकिटं लिहिणारा मी, मीही तेच धरून बसलो.

एका दुपारी दादा अंगावर धड कपडा नसताना मंगळवेढ्याच्या रस्त्यानं चालत निघाला. मेंढरं पुढं गेलीत, म्हणत होता. शिपायांनी धरून सरकारी दवाखान्यात आणला आणि मला बोलावणं आलं. गोदा माझ्याबरोबर होती. डॉक्टर भला माणूस, खुर्ची दिली. फॉर्म पुढं ओढून विचारलं, "तुमच्या घराण्यात यापूर्वी कुणाला असं झालं होतं का?"

तानू, गोदा माझ्या उजव्या हाताला उभी होती. दादा बाकावर, दोन हातांवर. मी म्हणालो, "न्हाय."

"मग कशानं झालं असावं? झोप, काही दुःख, नशा?"

झोप म्हणालो असतो तरी चाललं असतं. दुःख म्हणालो असतो, वहिनीचं सांगितलं असतं, तर ते खरंही होतं. पण मला वाटलं, झोप तर सगळ्यांचीच मोडते, बायका सगळ्यांच्याच मरतात, मग तो पुन्हा घराण्यावर येईल. मला असं काहीतरी हवं होतं की जे आपल्या घरातून आलेलं नाही, बाहेरून आलंय. मी म्हणालो, "गांजा वढतो."

दादानं कधी बिडीसुद्धा ओढली नव्हती. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. कडब्याच्या खोलीत तात्यानं बघितलं होतं तसंच. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं आणि दादाला आगगाडीनं लांबच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवलं. घोंगडी त्याच्या खांद्यावर होती. मी स्टेशनावरूनच परत फिरलो आणि घरी येऊन हिराला सांगितलं की काका पटकीनं गेला. ती रडली. मी तिला खाऊ आणून दिला. अशी ही आठ वर्षं.

त्या आठ वर्षांत मी रोज स्वतःला तपासलं. भोंगा झाला की ऐकायचो, त्यात माझं नाव तर नाही ना. एखादी गोष्ट विसरलो, एकदा उगाच रागावलो, की घाम फुटायचा. हिरा बाहुलीशी बोलली की मी बाहुली काढून घ्यायचो. पोरीला कधी एकटी गाणं म्हणू दिलं नाही. वेड लागण्याच्या भीतीनं माणूस जे करतो तेही एक प्रकारचं वेडच, पण त्याला इस्पितळ नाही.

मागल्या माघात हिराची सोयरीक निघाली. मुलगा मिलमध्येच फिटर, माणसं आपल्यातली, अक्कलकोटच्या अंगची, निम्मं कानडी बोलणारी. बैठक आमच्या खोलीत ठरली. आणि त्याच आठवड्यात इस्पितळाचं कार्ड आलं: रोगी आता शांत आहे, नातलगांची तयारी असल्यास घरी नेता येईल. ते कार्ड मी टोपीत घडी करून ठेवलं. बैठकीच्या दिवशी ते टोपीतच होतं.

पंचांनी ठरलेलं विचारलं. महारोग, कोड, येड. ताटली माझ्यापुढं सरकवली. मी हात घातला आणि मूठ भरली. खोटं बोलायचंच ठरवलं होतं, उगाच मोठेपणा सांगत नाही. पण ती हळद मुठीत आली आणि मला आबांचा हात दिसला. आणि आतून कुणी हाळी देत नव्हतं, हे ऐकू आलं. एवढी शांत होती खोली. मी म्हणालो, "माजा चुलता मल्लू येडा हुता. माजा सख्खा भाऊ बिरा येड्यांच्या इस्पितळात हाय. जित्ता हाय. मी आजवर धड हाय, माजी लेक धड हाय. म्होरचं मला ठावं न्हाय. तुमाला बी तुमच्या घरचं ठावं नसंल."

ते शेवटचं वाक्य बोलायला नको होतं, पण माझं तोंड तुला माहीत आहे. पाण्याचा तांब्या तसाच ठेवून सगळी उठली. मुलगा दारात क्षणभर थांबला, मग तोही गेला.

मला वाटलं आता हिरा रडेल. ती आतून आली आणि विचारलं, "काका जित्ता हाय?" मी मान हलवली. "मग मला का मेला म्हणून सांगितलं? मी दर वर्साला त्याच्या नावानं घास ठेवत हुते." त्यानंतर दोन महिने ती माझ्याशी बोलली नाही. लग्नाचं तिनं नावही काढलं नाही.

आणि गोदा. पाहुणे गेल्यावर ती सांडलेली हळद फडक्यानं पुसत होती. मी म्हणालो, आता तुझ्या माहेरी कळंल, तुला जायचं असंल तर जा. ती पुसता पुसता म्हणाली, "मला लगीन झाल्यावर म्हैन्यात कळलं हुतं. पाण्याला गेल्यावर बायकांनी सांगितलं. माज्या बापाला तर बैठकीतच कळलं हुतं, हाळी गड्याची न्हाय ते. आमच्यात बी एक आत्या तशी हुती, म्हून ते गप बसले." मी विचारलं, मग त्या दिवशी दवाखान्यात का बोलली नाहीस? ती म्हणाली, "तुमी न्हाय म्हणालासा. मला वाटलं, तुमाला माज्यापास्नं लपवायचं हाय. मी कशाला मोडता घालू?"

म्हणजे ज्या बाईसाठी मी भावाला गंजेडी ठरवलं, तिला सगळं ठाऊक होतं. आम्ही दोघं आठ वर्षं एकाच चुलीपाशी बसून एकमेकांपासून तीच गोष्ट लपवत होतो. मी त्या दिवशी जेवलो नाही.

दादाला आणायला मी आणि हिरा गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि या वेळी मी सगळं सांगितलं, गांजाचंसुद्धा. म्हातारा माणूस. त्यांनी जुना कागद काढून पुढं ओढला. मी विचारलं, हे रक्तातून येतं का? हिरा बाहेर बसली होती. ते म्हणाले, घराण्यात काहीतरी उतरतं, हे आम्ही बघतो. पण ज्यांच्या घरात असतं त्यातल्या पुष्कळांना कधीच काही होत नाही. कुणाला झोप मोडून होतं, कुणाला दुःखानं, कुणाला एकटं पाडल्यानं, आणि कुणाला का होतं ते आम्हालाही कळत नाही. मला आबांचं आठवलं. एकाच मेंढीची दोन कोकरं, एक चाऱ्याच्या वर्षातलं नि एक दुष्काळातलं, ती पुढं सारखी निघत नाहीत, हे आबा डोळे मिटून सांगायचे. मेंढरांचं एवढं कळणाऱ्या माणसाला पोरांचं कळलं नाही. मी विचारलं, तेव्हाच खरं सांगितलं असतं तर दादा बरा झाला असता का? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही. हो म्हणाले असते तर बरं झालं असतं, नाही म्हणाले असते तरी चाललं असतं. हे मधलं उत्तर घेऊन मला जन्म काढायचाय.

दादा म्हातारा झालाय, तानू. माझ्यापेक्षा तीनच वर्षांनी मोठा, पण केस पांढरे, पुढचे दात नाहीत. त्याची घोंगडी त्यांनी गाठोड्यात जपून ठेवली होती. घडीच्या जागी कसरीनं खाल्लेली. माझी इथं खाटेवर रोज वापरून गुळगुळीत झालीय. एका लोकरीच्या होत्या असं आता कुणाला सांगून पटणार नाही.

चाळीत त्याला ठेवणं नको म्हणून शहराबाहेर कुंभारी गावाला एक झोपडी घेतली. गोदा आणि हिरा तिकडंच असतात, मी सायकलनं मिलला जातो. दारात लिंब आहे, चार मेंढरं घेतलीत. दादा त्यांना बांधाबांधानं फिरवतो. अजून मधेच थांबतो, कुणाचं तरी ऐकतो, उत्तर देतो. हिरा म्हणते, काका बोलतोय, बोलू द्या. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. तिला दुसरं स्थळ अजून आलेलं नाही. येईल की नाही, सांगता येत नाही. कधी कधी ती एकटी गाणं म्हणते तेव्हा माझा जीव वर-खाली होतो, पण मी आता तिला थांबवत नाही.

आईला जाऊन पाच वर्षं झाली, आबांना तीन. दोघंही लपवूनच गेले. तिकडं वाडीत माझं घर आहे असं मला आता वाटत नाही, आणि सोलापूरही माझं झालं नाही, तिथं मी फक्त लपलो होतो. तू विचारलं होतंस, परत कधी येताय. येणार नाही. तूच ये, पोरांना घेऊन. दादा तुला ओळखेल की नाही ठाऊक नाही. मला तो ओळखतो.

ओळखतो ते असं. रोज पाळी सुटल्यावर मी सायकल लिंबाला टेकवतो. तो घोंगडी अंथरून बसलेला असतो. मी जवळ गेलो की वर बघतो आणि म्हणतो, "धोंडी, म्या गांजा वढत न्हवतो." एक दिवस चुकत नाही. मी म्हणतो, "न्हाय दादा, वढत न्हवतास. म्या खोटं बोललो." तो ते ऐकून घेतो, थोडा सरकतो आणि मला घोंगडीवर बसायला जागा करून देतो. मग आम्ही दोघं मेंढरांकडं बघत बसतो. घर म्हणशील तर तानू, माझं आता तेवढंच आहे.

तुझा भाऊ,
धोंडी